सगळ्यांनी काय शिकावं, आणि ते शिकवणार कोण?

अमेरिकेतल्या एखाद्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजनं आपला कोअर अभ्यासक्रम, म्हणजे मेजर कोणताही असो सगळ्या विद्यार्थ्यांना सक्तीचा असलेला भाग, बदलायला घेतला, की बाहेर बातमी येते ती पुस्तकांची. होमर ठेवला की काढला, प्लेटोच्या शेजारी कुणाला जागा मिळाली, यावर महिनाभर लेख छापून येतात. आतल्या बैठकांत मात्र गाडी अडते ती जरा रुक्ष ठिकाणी: दरवर्षी येणाऱ्या साडेचारशे मुलामुलींना पंधरा-पंधराच्या वर्गांत हा कोअर शिकवायला माणसं आणायची कुठून? एखादा कोअर का टिकला आणि दुसरा पाचव्या वर्षीच का मोडकळीला आला, याचं उत्तर वाचनयादीत क्वचितच सापडतं. माझ्या मते ते शिकवणाऱ्यांच्या वर्कलोडमध्ये शोधावं.

आधी थोडी ओळख. लिबरल आर्ट्‌स कॉलेजात फक्त साहित्य आणि कलाच शिकवतात असा समज असेल तर तो बाजूला ठेवावा. ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, कार्लटन, ग्रिनेल, पोमोना, रीड ही त्यातली ठळक नावं, आणि तिथे भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र हे विषय तितक्याच गांभीर्यानं शिकवले जातात. ही कॉलेजं आकारानं छोटी, विद्यार्थी हजार ते तीनेक हजार, आणि जवळपास सगळे पदवीचेच. पीएचडी करणारी फौज इथे नसते. ही बारीकशी वाटणारी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे. विद्यार्थी प्रवेश घेताना विषय ठरवून येत नाही. साधारण दुसरं वर्ष संपेपर्यंत त्यानं आपला मुख्य विषय, म्हणजे मेजर, जाहीर करायचा असतो.

चार वर्षांची पदवी सहसा १२० क्रेडिटची असते. बऱ्याच छोट्या कॉलेजांत क्रेडिटऐवजी सरळ कोर्स मोजतात: आठ सेमिस्टर, दर सेमिस्टरला चार, एकूण ३२. त्यातले दहा-बारा मेजरमध्ये जातात. उरलेल्या विसेक कोर्सांपैकी किती कॉलेजनं ठरवायचे आणि किती विद्यार्थ्यानं, हा कोअरचा मूळ प्रश्न आहे. गेल्या दोनशे वर्षांत याची उत्तरं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात राहिली आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी कॉलेजात निवड हा प्रकार जवळजवळ नव्हताच. लॅटिन, ग्रीक, गणित आणि शेवटच्या वर्षी नीतिशास्त्र, तेही बहुधा खुद्द अध्यक्षांनी शिकवलेलं. मृत भाषा काढून टाकाव्यात अशी मागणी झाली तेव्हा १८२८ मध्ये येलनं एक अहवाल काढून जुन्या पद्धतीची बाजू घेतली. शिक्षणाची कामं दोन, असं त्या अहवालाचं म्हणणं: मनाला शिस्त लावणं आणि मनात सामान भरणं, आणि त्यातलं पहिलं जास्त मोलाचं. आज समित्यांमध्ये ‘स्किल्स की कंटेंट’ या नावानं जे भांडण होतं ते हेच, फक्त त्यात ग्रीक उरलेली नाही.

हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ ते १९०९ या काळात दुसरं टोक गाठलं. सक्ती एकेक करून सैल होत गेली. शतक संपत आलं तेव्हा सगळ्यांना सक्तीचा असा पहिल्या वर्षाचा इंग्रजी लेखनाचा वर्ग सोडला तर फारसं काही उरलं नव्हतं. यात नव्या विषयांचं भलं झालं. ज्यांना पूर्वी वेळापत्रकात जागाच नव्हती त्या विज्ञानांचे विभाग वाढले आणि तज्ज्ञ प्राध्यापक नेमता आले. तोटाही उघड होता: काही विद्यार्थी पहिल्या पायरीचे सोपे कोर्स गोळा करून पदवी घेऊन जात. एलियट यांच्या जागी आलेल्या लॉरेन्स लोवेल यांनी मधला रस्ता काढला. एका विषयात खोल जायचं आणि बाकीच्या क्षेत्रांतून थोडं थोडं घ्यायचं. मेजर आणि वाटणी या दोन खांबांवरचा हा सांगाडा आज अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत दिसतो, मग त्याला नाव काहीही दिलेलं असो.

‘वाटणी’ म्हणजे डिस्ट्रिब्युशन: मानव्यविद्यांतले दोन कोर्स, सामाजिक शास्त्रांतले दोन, विज्ञानातले दोन, शिवाय एखादी परकी भाषा. चालवायला ही पद्धत सगळ्यात स्वस्त पडते, कारण कोर्स आधीपासून विभागांत शिकवले जातच असतात. नवं काही उभारावं लागत नाही. यादीत नावं घातली की झालं. तिच्यावरचा आक्षेपही तितकाच जुना आहे. रसायनशास्त्राचा पहिला कोर्स हा रसायनशास्त्रज्ञ घडवण्यासाठी बेतलेला असतो. पुढे इतिहासाकडे जाणाऱ्या मुलीला त्यातून विज्ञान कसं विचार करतं हे कळेलच असं नाही. तिला समीकरणं संतुलित करता येतील, एवढंच.

याच आक्षेपातून खास सगळ्यांसाठी बेतलेले कोर्स जन्माला आले. न्यूयॉर्कच्या कोलंबियात पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी युद्धाची कारणं समजावणारा एक कोर्स चालत असे. युद्ध संपलं, आणि १९१९ मध्ये त्याच धाग्यावर ‘कंटेम्पररी सिव्हिलायझेशन’ हा सक्तीचा कोर्स सुरू झाला. १९३७ मध्ये त्याला साहित्याच्या कोर्सची जोड मिळाली, पुढे चित्र-शिल्प आणि संगीत आले. शंभर वर्षं उलटून गेली तरी हा कोअर उभा आहे. साधारण बाविसेक विद्यार्थ्यांचा एक वर्ग, सगळ्या वर्गांत तीच पुस्तकं, त्याच आठवड्यात. हे ऐकून अनेक छोट्या कॉलेजांना मोह होतो. पण कोलंबियातले हे असंख्य सेक्शन शिकवतं कोण? ज्येष्ठ प्राध्यापक असतातच, पण त्यांच्या बरोबरीनं ठरावीक मुदतीवर नेमलेले तरुण शिक्षक आणि पीएचडीचे विद्यार्थी मोठ्या संख्येनं असतात. शिकागो विद्यापीठाचा कोअरही असाच प्रसिद्ध. तिथेही मुदतीच्या फेलोशिपवर आलेले तरुण अभ्यासक बराच भार उचलतात. छोट्या कॉलेजकडे ही माणसं नाहीत. कोलंबियाची वाचनयादी उचलता येते, तिच्यामागचा मनुष्यबळाचा साठा उचलता येत नाही.

मग छोट्या कॉलेजला पूर्ण सक्तीचा कोअर चालवणं अशक्य आहे का? मेरीलँडमधल्या ॲनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजनं १९३७ पासून ते करून दाखवलं आहे, आणि त्यासाठी मोजलेली किंमत बघण्यासारखी आहे. डबघाईला आलेलं हे कॉलेज स्ट्रिंगफेलो बार आणि स्कॉट ब्यूकॅनन या दोघांच्या हाती आलं. त्यांनी ऐच्छिक विषय जवळपास रद्दच केले. चारही वर्षं सगळ्यांना तेच: मूळ ग्रंथांचे सेमिनार, चार वर्षं गणित, त्याची सुरुवात युक्लिडपासून, ग्रीक आणि मग फ्रेंच, प्रयोगशाळा, संगीत. मेजर नाही. आणि मुख्य म्हणजे विभाग नाहीत. शिकवणाऱ्यांना प्रोफेसर म्हणत नाहीत, ट्यूटर म्हणतात, आणि तत्त्वज्ञानात पीएचडी केलेल्या ट्यूटरनं आज ना उद्या प्रयोगशाळेचा वर्ग घ्यावा अशी अपेक्षा असते. इथे ‘कोअर कोण शिकवणार’ हा प्रश्न पडतच नाही, कारण कोअरपलीकडे शिकवायला दुसरं काही नाही. १९६४ मध्ये सँटा फे इथे दुसरा कॅम्पस उघडला, तोही याच पद्धतीवर. ज्या तरुण शास्त्रज्ञाला स्वतःच्या विषयातलं संशोधन पुढे न्यायचं आहे तो अर्थातच इथे नोकरी मागायला येणार नाही. हा सौदा ज्यांना मान्य आहे असेच लोक इथे येतात, म्हणून ते चालतं.

दुसऱ्या टोकाला ब्राउन विद्यापीठ. तिथे आयरा मॅगझिनर आणि एलियट मॅक्सवेल या विद्यार्थ्यांच्या पुढाकारानं शिक्षणपद्धतीवर एक जाडजूड अहवाल तयार झाला, आणि १९६९ मध्ये फॅकल्टीनं, म्हणजे तिथल्या प्राध्यापकवर्गानं, वाटणीची सक्ती काढूनच टाकली. ॲमहर्स्टमध्ये आज सगळ्यांना सक्तीचा म्हणावा असा एकच कोर्स आहे, पहिल्या वर्षाचा सेमिनार. ग्रिनेलमध्येही तसंच, फक्त तिथे त्याला ट्युटोरियल म्हणतात, आणि तो शिकवणारा प्राध्यापकच त्या मुलांचा सल्लागार असतो, मेजर ठरेपर्यंत. ही जोडणी मला फार शहाणपणाची वाटते. सक्ती काढली की काम संपत नाही, ते सल्ल्याकडे सरकतं. ज्याच्या घरात कॉलेजला गेलेली माणसं आहेत त्याला काय निवडावं हे निम्मं आधीच कळलेलं असतं. घरातून पहिलाच कॉलेजात आलेला विद्यार्थी मोकळ्या यादीसमोर एकटा पडू शकतो. आठवड्यातून दोन-तीनदा त्याला वर्गात बघणारा सल्लागार असेल तर गोष्ट वेगळी. पण म्हणजे पुन्हा माणसंच लागली, आणि तीही वेळ देणारी.

आता हिशेब करूनच बघू. समजा एक कॉलेज आहे, विद्यार्थी १,८०० आणि दरवर्षी नवे ४५०. समितीनं ठरवलं: पहिल्या वर्षी सगळ्यांना एक सेमिनार, वर्गात पंधरा जण. म्हणजे ३० सेक्शन. इथला प्राध्यापक वर्षाला पाच कोर्स शिकवतो असं धरलं, तर सहा पूर्णवेळ माणसांचं वर्षभराचं काम एवढ्यातच गेलं. सेमिनार दोन सेमिस्टरचा केला तर बारा माणसं. नवी बारा पदं कुणी देत नाही. ही माणसं असलेल्या विभागांतूनच काढायची असतात. चार जणांचा एखादा विभाग वर्षाला वीस कोर्स चालवतो. त्यानं दोन सेक्शन कोअरला दिले की अठरा उरले. पहिल्या पायरीचे कोर्स बंद करता येत नाहीत, मेजरचे सक्तीचेही नाहीत. कात्री लागते ती वरच्या वर्गाच्या त्या खास कोर्सला, जो दोन वर्षांतून एकदा चालतो आणि ज्यासाठी तो प्राध्यापक मुळात या पेशात आला. त्यात दरवर्षी काही जण संशोधनाच्या रजेवर, कुणी बाळंतपणाच्या रजेवर, कुणी विभागप्रमुख झाल्यामुळे कमी वर्गांवर. पहिल्या वर्षी उत्साहात तीसही सेक्शनना नावं मिळतात. चौथ्या-पाचव्या वर्षी डीनच्या, म्हणजे शैक्षणिक कारभार बघणाऱ्या प्रमुखाच्या, ऑफिसातून विनवणीचे ईमेल जायला लागतात, आणि उरलेल्या जागी बाहेरून वर्षभरासाठी आणलेले शिक्षक उभे राहतात. ते वाईट शिकवतात असं अजिबात नाही. पण ज्या वर्गात कॉलेजचा आत्मा आहे असं माहितीपत्रक सांगतं, तो वर्ग पुढच्या वर्षी इथे नसणारा माणूस घेत असतो.

तरुण प्राध्यापकाच्या बाजूनं बघितलं तर तो टाळाटाळ करतो यात नवल नाही. त्याची टेन्युअर, म्हणजे कायम नेमणूक, ठरताना सगळ्यात जड मत त्याच्या विभागाचं. विभाग बघतो त्याचं संशोधन आणि विभागातले वर्ग. कोअरचा सेमिनार उत्तम घेतला याची नोंद होते, पण वजन किती पडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून जी कॉलेजं याबाबत गंभीर आहेत ती नेमणुकीच्या पत्रातच लिहून घेतात की इतक्या वर्षांतून एकदा कोअर शिकवावा लागेल. उन्हाळ्यात शिक्षकांची कार्यशाळा घेतात आणि तिचं मानधन देतात. कोअरला स्वतंत्र संचालक आणि स्वतंत्र बजेट देतात. या तीन गोष्टी नसलेला सुधारणेचा ठराव मी तरी फारसा मनावर घेणार नाही, त्याची प्रस्तावना कितीही सुंदर असो.

विभागांच्या राजकारणाबद्दल उघडपणे कमी बोललं जातं, पण खोलीत ते कायम असतं. प्राध्यापक निवृत्त झाला की ते पद पुन्हा भरायचं की नाही हे ठरवताना डीन विद्यार्थीसंख्या बघतो. परकी भाषा सक्तीची असेल तर जर्मनच्या विभागाला विद्यार्थी मिळतात. सक्ती गेली की दोन-तीन वर्षांत वर्ग ओस पडतात आणि पद जातं. त्यामुळे ‘जगाचा नागरिक घडवायला भाषा हवी’ हे वाक्य उच्चारणारा माणूस मनापासून बोलत असतो आणि त्याच वेळी स्वतःचा विभागही वाचवत असतो. याला नुसता स्वार्थ म्हणून हिणवणं मला पटत नाही. एकदा बंद झालेला भाषेचा विभाग सहसा पुन्हा उघडत नाही. शिवाय एखादा विषय पुढच्या पिढीपर्यंत पोहोचावा की नाही हे अठरा वर्षांच्या मुलांच्या पहिल्या आठवड्यातल्या पसंतीवर सोडायचं का, हा खरा शैक्षणिक प्रश्न आहे. अडचण होते ती प्रत्येक विभाग हाच युक्तिवाद करतो तेव्हा. मग मतं जुळवण्यासाठी समिती प्रत्येकाला एकेक चौकट देत जाते. लेखन, आकडेमोड, नीती, विविधता, पर्यावरण, कला, जागतिक दृष्टी, समाजसेवा. ठराव भरघोस मतांनी मंजूर होतो, आणि विद्यार्थ्याच्या हातात टिकमार्क करायची यादी पडते.

या चौकटी भरायला कॉलेजं लेबलं वापरतात. एखाद्या कोर्सला ‘लेखनप्रधान’ किंवा ‘नीतिविचार’ असं लेबल मिळालं की तो करून ती अट पूर्ण होते. कल्पना चांगली आहे: लेखन फक्त इंग्रजी विभागाचं काम नाही, जीवशास्त्राच्या वर्गातही ते शिकता येतं. पण लेबल लागलं की विद्यार्थी येतात, म्हणून सगळ्यांना लेबल हवं असतं. समिती एका सेमिस्टरला डझनभर अर्ज तपासते, नाही म्हणायला कचरते, आणि एकदा दिलेलं लेबल काढून घ्यायची पद्धत बहुतेक ठिकाणी नसतेच. मूळ कोर्स बेतणारा प्राध्यापक निघून जातो, नवा माणूस आपल्या पद्धतीनं शिकवतो, लेबल तसंच राहतं. हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठालाही हे चुकलं नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हेन्री रोसोव्स्की डीन असताना तिथे नवा कोअर आला, २००९ मध्ये त्याच्या जागी जनरल एज्युकेशन आलं, आणि २०१५ च्या आढाव्यात निघालं की त्या कार्यक्रमाची धड ओळखच उरलेली नाही; अर्धा खास बेतलेला, अर्धा साध्या वाटणीसारखा. २०१६ मध्ये फॅकल्टीनं दोन्ही गोष्टी वेगळ्या काढल्या: चार खास कोर्स, आणि त्याशिवाय सरळसोट वाटणी. प्रत्यक्ष अंमल सुरू व्हायला २०१९ उजाडलं.

पुस्तकांचे वाद मी सुरुवातीला जरा बाजूला सारले, पण ते पोकळ आहेत असं कुणी समजू नये. स्टॅनफर्डमध्ये १९८० पासून ‘वेस्टर्न कल्चर’ हा वर्षभराचा कोर्स सगळ्यांना होता, ठरलेल्या ग्रंथांच्या यादीसकट. अभ्यासक्रमात स्त्रिया नाहीत, कृष्णवर्णीय लेखक नाहीत, आशिया-आफ्रिका नाही, असं म्हणत विद्यार्थ्यांनी १९८७ मध्ये मोर्चा काढला. त्यात कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन होते आणि ‘वेस्टर्न कल्चर’ नको ही मोर्चातली घोषणा देशभर गाजली. १९८८ मध्ये फॅकल्टी सेनेटनं कोर्स बदलला, नवं नाव ‘कल्चर्स, आयडियाज अँड व्हॅल्यूज’. तेव्हाचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट स्वतः कॅम्पसवर येऊन टीका करून गेले. एवढा गदारोळ झालेला तो कोर्सही दहाएक वर्षांत गेला. त्यानंतर एक, मग २०१२ मध्ये ‘थिंकिंग मॅटर्स’, आणि आता नागरिकत्वावर भर देणारा नवा कार्यक्रम. बाजू कोणतीही घ्या, पहिल्या वर्षाचा सगळ्यांसाठीचा कोर्स सलग वीस वर्षं उत्साहानं शिकवत राहणं अवघडच गेलं.

ओरेगनमधल्या रीड कॉलेजची गोष्ट वेगळ्या कारणासाठी बघावी. तिथला ‘ह्युमॅनिटीज ११०’ हा पहिल्या वर्षाचा कोर्स प्रामुख्यानं प्राचीन भूमध्य जगावर होता. २०१६ पासून विद्यार्थी व्याख्यानांच्या वेळी हॉलमध्ये फलक घेऊन बसू लागले. २०१८ मध्ये नवा आराखडा आला: प्राचीन भूमध्य जग आणि अथेन्स हे दोन भाग राहिले, आणि दुसऱ्या सेमिस्टरला मेक्सिको सिटी आणि हार्लेम ही न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती आली. बदल पुरेसा आहे का यावर दोन्हीकडून आक्षेप आले, येणारच. पण कोर्स मोडला नाही. माझा अंदाज असा, की तिथे विविध विभागांतल्या प्राध्यापकांनी मिळून व्याख्यानं द्यायची आणि प्रत्येकानं छोट्या गटांच्या चर्चा घ्यायच्या ही घडी आधीपासून पक्की होती. काय शिकवायचं हे बदललं, कोण आणि कसं शिकवणार हे बदलावं लागलं नाही.

मग बदल करायचा तर कसा करतात? अभ्यासक्रमावर पहिला अधिकार शिक्षकांचा, ही अमेरिकेतली रूढी आहे. प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या १९६६ च्या निवेदनात ती स्पष्ट लिहिलेली आहे. त्यामुळे अध्यक्षांनी हुकूम काढून कोअर बदलत नाही. डीन एक समिती नेमतो, समिती वर्षभर सगळ्यांचं ऐकून घेते, दोन-तीन नमुने मांडते, कच्चं मतदान होतं, मग पक्कं. यात सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित माणूस म्हणजे रजिस्ट्रार. कोणत्या खोल्या कोणत्या वेळी रिकाम्या आहेत, कोणता कोर्स सेमिस्टर सुरू होण्याआधीच भरतो, दर वर्षी किती विद्यार्थी शेवटच्या सेमिस्टरला एका अटीपायी अडकतात, हे सगळं त्या टेबलावर असतं. नमुने मांडण्याआधीच रजिस्ट्रारला समितीत बसवलं तर निम्मी स्वप्नं वेळीच जमिनीवर येतात.

मंजुरीनंतरही सोपं नसतं. विद्यार्थी ज्या वर्षी आला त्या वर्षीचे नियम त्याला सहसा शेवटपर्यंत लागू राहतात, त्यामुळे किमान चार वर्षं जुना आणि नवा असे दोन्ही कोअर एकदम चालवावे लागतात. राहत्या घराची डागडुजी असते ही. कुणालाही बाहेर काढता येत नाही. दुसऱ्या कॉलेजातून मधेच आलेल्या विद्यार्थ्यांची आणखी पंचाईत. कोअर जितका खास, एकमेकांत गुंफलेला, तितके त्यांचे आधीचे कोर्स त्यात बसत नाहीत. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी फीच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, दोन वर्षं शिकून, पैसे वाचवून आलेल्या मुलीला पहिल्या वर्षाच्या सेमिनारात पुन्हा बसवायचं का? आणि शाळेत असतानाच एपी ही कॉलेजच्या पातळीची परीक्षा देऊन क्रेडिट घेऊन आलेल्याला कोअरमधून सूट द्यायची का? सूट दिली तर ‘सगळ्यांचा समान अनुभव’ हे शब्द पोकळ होतात. नाही दिली तर पालक फोन करतात.

हे सगळं करून विद्यार्थ्यांना फरक पडतो का, हे मोजणं कठीण आहे. मान्यता देणाऱ्या संस्था पुरावा मागतात, म्हणून कॉलेजं निबंधांचे नमुने काढून ठरलेल्या निकषांवर तपासतात. कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेनं २००९ पासून त्यासाठी तयार तक्तेही उपलब्ध करून दिले आहेत. लेखन सुधारलं का, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. नीतिविचार सुधारला का, हे कळतं असं म्हणायला मी धजावणार नाही. यातली मला खरी उपयोगी वाटते ती कृती साधी आहे: वेगवेगळ्या विभागांतल्या आठ-दहा प्राध्यापकांनी एकत्र बसून तेच वीस निबंध वाचायचे. चांगला युक्तिवाद म्हणजे काय यावर इतिहासकार आणि अर्थतज्ज्ञ यांचं किती वेगळं मत आहे हे तिथेच पहिल्यांदा उघड होतं, आणि पुढच्या वर्षीचे वर्ग त्यामुळे बदलतात. मग तक्त्यातले आकडे काहीही येवोत.

अशा एखाद्या कॉलेजात प्रवेशाचा विचार कुणी करत असेल, तर त्यानं कोअरचं पान वाचून तिथेच थांबू नये. पुष्कळ कॉलेजांचं सेमिस्टरचं वेळापत्रक इंटरनेटवर सगळ्यांना बघता येतं. त्यात पहिल्या वर्षाच्या सेमिनारचे सेक्शन शोधावेत, शिकवणाऱ्यांची नावं उतरवावीत आणि ती विभागांच्या पानांवर ताडून बघावीत: किती जण कायम नोकरीत आहेत, किती जणांच्या पदात ‘व्हिजिटिंग’, म्हणजे तात्पुरते, असा शब्द आहे, विज्ञानातलं कुणी आहे का, की सगळा भार इंग्रजी आणि तत्त्वज्ञानावर आहे. मग दोन वर्षांपूर्वीचं वेळापत्रक उघडावं आणि त्यातली किती नावं अजून तिथे आहेत ते मोजावं.